जिन्याखालची खुर्ची

पाणीखात्याच्या कचेरीत एक खुर्ची होती. तिचे तीन पाय शहाण्यासारखे होते आणि चौथा बोटभर आखूड. जिन्याखाली, पुरुषांच्या मुतारीच्या दारासमोर ती मांडलेली असे, आणि तिच्यावर बसणाऱ्याने काहीही करायचं नाही असा लेखी हुकूम होता. वाचायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, डुलकी तर नाहीच नाही. तासातासाला उठून समोरच्या वहीत सही करायची आणि परत येऊन टेकायचं. टेकलं की खुर्ची डावीकडे कलायची, सावरलं की उजवीकडे. त्या खुर्चीवर चावीदादा दोनशे त्रेचाळीस दिवस बसले.

हा आकडा चावीदादांनी मोजला नव्हता, त्यांच्या धाकट्या बहिणीने मोजला होता. ती त्याच कचेरीत आवक-जावक बघायची. आलेला कागद वहीत चढवून त्याला नंबर घालायचा, जाणारा कागद वहीत चढवून पाकिटात घालायचा, आणि मधल्या वेळात साहेबांचे हुकूम टाइप करायचे. सगळे तिला टपालताई म्हणत. तिच्या टेबलावरून मान जराशी वळवली की जिन्याखालचे दोन गुडघे दिसायचे. पहिल्याच दिवशी ते गुडघे बघून तिने मनाशी पक्कं केलं, या खुर्चीवर मी साहेबाला बसवीन. दादा जितके दिवस बसेल तेवढेच दिवस. एक कमी नाही, एक जास्त नाही. टपालताई नोंदीला फार चोख होती.

आता चावीदादांनी असा काय गुन्हा केला होता, तर अकरा मिनिटं.

गाव उतारावरचं. टेकडीवर टाकी, टाकीतून निघालेला, माणूस आत शिरेल एवढा रुंद, जुना पाइप, आणि पाइपाला वाटेत एक उंचवटा. त्या उंचवट्यावर रात्रभरात हवा साठायची. चावीदादा एकतीस वर्षं मुख्य चावीवाले होते. रोज सकाळी पाणी सोडायच्या आधी ते उंचवट्यावर जायचे, तिथली अंगठ्याएवढी तोटी उघडायचे आणि पाइपावर तळहात ठेवून बसायचे, आजारी माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. पाइप आधी फुसफुसायचा, मग घोरायचा, शेवटी म्हशीसारखा एक लांब सुस्कारा टाकायचा. याला बरोब्बर अकरा मिनिटं लागत. मग ते तोटी बंद करून आपल्या लोखंडी चावीने मोठा व्हॉल्व्ह पाव-पाव फेऱ्याने उघडत. हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या उस्तादाने सांगितलं होतं आणि उस्तादाला पाइपाने.

मग नवे साहेब आले. गळ्यात सेकंदावर चालणारं घड्याळ, दोरीत ओवलेलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळ्या कचेरीचं काम घड्याळ लावून मोजलं. म्हातारे शिपाईमामा शिंकले तर तेही मोजलं, आणि शिंकेला चार सेकंद जास्त घेतात म्हणून त्यांना समज दिली. लोक त्यांना घड्याळसाहेब म्हणू लागले, आणि ते खूश झाले.

साहेबांचा एक तक्ता होता. प्रत्येक पदापुढे तीन रकाने: आलेली कामं, केलेली कामं, राहिलेली कामं.

"फक्त शेवटचा रकाना बघायचा," साहेब सगळ्यांना उभं करून सांगायचे. "तिथे शून्य दिसलं की कार्यक्षमता. मधले रकाने वाचत बसणारा माणूस आयुष्यात कधी वर जात नाही."

असे साहेब एका सकाळी उंचवट्यावर पोचले. घड्याळाची कळ दाबली, सोडली.

"ही अकरा मिनिटं तुम्ही काय करता?"

"हवा सोडतो, साहेब."

"आपण पाणीखातं आहोत की हवाखातं?"

बरोबरचे दोघे हसले. चावीदादा हसले नाहीत. "हवा नाही सोडली तर पाइप फुटेल, साहेब."

"आजवर फुटलाय का कधी?"

"नाही."

"नोंद आहे का फुटल्याची? एक तरी?"

"हवा सोडतो म्हणून तर फुटला नाही ना."

"नोंद नाही ते घडलंच नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी कामाच्या यादीतल्या अकरा मिनिटांवर लाल रेघ मारली. खाली सही, तारीख.

चावीदादांनी ती रेघ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंचवट्यावर जाऊन बसले. सहा दिवस बसले. सातव्या दिवशी साहेबांनी त्यांच्या हातातली चावी काढून घेतली आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या बांबूच्या हातात दिली. बांबू म्हणजे चाळिशीचा, दारातून वाकून येणारा उंच माणूस. त्याने चावी घेतली ती मेलेलं जनावर धरावं तशी.

चावीच नाही म्हटल्यावर चावीदादांच्या पदापुढचे तिन्ही रकाने तीन महिने कोरे राहिले. मग साहेबांनी टपालताईला बोलावून हुकूम सांगायला सुरुवात केली, ज्या पदाने सलग नव्वद दिवस एकही काम केलं नाही ते पद अनावश्यक समजावं, आणि निर्णय होईपर्यंत त्या पदावरच्या माणसाला जिन्याखाली बसवावं.

टपालताईची बोटं टाइपरायटरवर थांबली. "साहेब, 'चावीवाल्याचं पद' असं घालू?"

"'कोणतंही पद' घाला. मोठा विचार करायला शिका, ताई. हा नियम उद्या मुख्य कचेरी उचलेल."

मुख्य कचेरीने खरंच उचलला. चौदा गावांच्या पाणीखात्यांना लावला. प्रती इथूनच पाठवायच्या होत्या, आणि ती चौदाच्या चौदा पाकिटं टपालताईनेच चिकटवली होती. पण तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे दोनच गुडघे होते.

इकडे गावात हवेने धुमाकूळ घातला. सकाळी नळ सोडला की आधी तासभर वारा सुटायचा. सुरुवातीला लोकांनी मजा घेतली. धोबिणीने नळाखाली दोरी बांधून चादरी वाळवल्या. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांच्या मोरीतला नळ इतक्या नेमक्या सुरात शिटी घालायचा की त्यांनी पेटी विकून टाकली. एका लठ्ठ गृहस्थांनी दाढीला नळ उघडला, तर तोटी उडून त्यांच्या हनुवटीखालून गेली आणि शेजारणीच्या भाकरीत रुतली. दाढी म्हणे छान झाली. मग खालच्या आळीत पाइप फुटला. रस्ता उलगडला, शिंप्याचं मशीन न्हाव्याच्या दुकानात जाऊन उभं राहिलं, आणि शिंप्याची सासू कपाटावर बसून वाहत तीन घरं पुढे गेली, ती पहिल्यांदाच कुठे तरी न कुरकुरता गेली.

दवाखान्यात मात्र तीन दिवस पाणी नव्हतं. तिथली नर्स दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढताना पडली आणि तिचा पाय मोडला. तो अजून वाकडाच पडतो. एवढी एक गोष्ट अजिबात वाढवून सांगितलेली नाही.

साहेबांच्या तक्त्यात पाणी न आल्याच्या तक्रारीला रकाना होता, वारा आल्याच्या तक्रारीला नव्हता. त्यामुळे राहिलेल्या तक्रारी: शून्य.

चावीदादा खुर्चीवर बसून फुटलेल्या पाइपाचा आवाज ऐकत. एकदा त्यांनी आखूड पायाखाली लाकडाची पाचर घालायची परवानगी मागितली. 'कार्यालयीन फर्निचरमध्ये बदल करता येणार नाही' असं लेखी उत्तर आलं. ते टाइप केलं टपालताईने. पुढे त्यांचा हात थरथरायला लागला. सही वहीच्या कडेवरून खाली उतरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना बेमुदत रजेवर घरी बसवलं. घरी ते बोलेनासे झाले.

"वन्सं, जेवताना सुद्धा ताट फिरवतात हो," वहिनीने एकदा टपालताईला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं. "पाव फेरा. मग थांबतात. पुन्हा पाव फेरा. आणि उरलेला दिवस कोपऱ्यात बसून भाजीच्या सुरीने लाकडाचा तुकडा तासतात. काय करताय विचारलं तर लपवतात."

टपालताई कचेरीत परत आली ती तडक टेबलाशी बसली आणि साहेबांच्या नियमाची स्थळप्रत काढून तिने ती सतरा वेळा वाचली. कोणतंही पद. सलग नव्वद दिवस. एकही काम नाही.

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. शिपाईमामांनी ते पाहिलं आणि ते घाबरून चहा आणायला निघून गेले.

साहेब दिवसाला तीस-चाळीस कागदांवर सह्या करत. त्यांना कामाचा तिटकारा नव्हता. हीच तर अडचण होती. टपालताईने सुरुवात अगदी लहान केली.

"साहेब, एक विचारू? मोटारीच्या तेलाच्या मागणीवर तुमची सही कशाला हवी? तुमची चौदा सेकंदं जातात त्यात."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग कुणाची?"

"गॅरेजवाल्याची. अधिकार खाली सोपवला की माणूस मोकळा राहतो. कार्यक्षम माणसाचं टेबल रिकामं असतं, तुम्हीच म्हणता."

असं साहेब कधीच म्हणाले नव्हते. पण वाक्य इतकं त्यांच्यासारखं होतं की त्यांनी ते तिथल्या तिथे दत्तक घेतलं आणि रंगवून मागच्या भिंतीवर लावलं.

त्यानंतर घसरगुंडीच झाली. रजेचे अर्ज मुख्य कारकुनाकडे, बडे बाबूंकडे, गेले. पाइपांची मागणी भांडारवाल्याकडे. तक्रारी खिडकीवरच्या बाईकडे. एका मंगळवारी "व्हॉल्व्हच्या वेळा व पद्धती ठरवण्याचे सर्व अधिकार" बांबूकडे गेले. त्या कागदावर सही करताना साहेब शीळ घालत होते. प्रत्येक कागदासरशी शेवटचा रकाना स्वच्छ होत गेला. शेवटी टेबलावर फक्त टेबल उरलं.

त्या दिवसापासून टपालताईने ड्रॉवरच्या आतल्या बाजूला खडूने रेघा ओढायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

बांबूने अधिकार मिळाल्याच्या दुसऱ्याच सकाळी उंचवट्यावरची तोटी उघडली. अकरा मिनिटं तो पाइपावर हात ठेवून बसला आणि, लांब माणसं रडतात तसा, गुडघ्यांत डोकं घालून रडला. महिन्याभरात नळ पूर्वीसारखे वाहू लागले. धोबिणीची गैरसोय झाली, मास्तरांना पेटी परत घ्यावी लागली, बाकी गाव सुखावलं.

आणि इथेच टपालताईचा हिशेब बिघडला. त्र्याऐंशीव्या दिवशी मुख्य कचेरीचं पत्र आलं. तुमच्या गावचं पाणी चौदाही गावांपेक्षा उत्तम झालं आहे. साहेबांना उपप्रमुख म्हणून वर घेण्याचा विचार आहे. पाहणीसाठी मोठ्या बाई येत आहेत. बाईंची तारीख मोजली तर एक्याण्णवावा दिवस.

म्हणजे साहेब वर जाणार. लाल पेन घेऊन चौदा गावांच्या पाइपांवर बसणार. टपालताईने पत्राला नंबर घातला तेव्हा शिक्का इतका जोरात आपटला की शाईची डबी उलटली.

आता एकच वाट होती. नव्वद दिवस भरायला हवेत, तोपर्यंत साहेबांच्या हातून एकही काम घडता कामा नये. आणि बढतीचं कळल्यापासून साहेबांच्या हाताला काम करायची खाज सुटली होती.

"टपालताई, एखादी फाईल द्या. बाईंना दाखवायला ताजी सही हवी."

"सगळ्या निघाल्या, साहेब."

"एखादा रजेचा अर्ज?"

"बडे बाबू निकालात काढतात. तुम्ही हात घातला तर सोपवलेलं काम परत घेतलं असं दिसेल. बाईंना वाटेल, पद्धत फसली."

साहेब खोलीत जाऊन येरझाऱ्या घालत. मग बाहेर येत. शिपाईमामांना म्हणत, "मामा, चहा आणा." मामा म्हणत, "चहा सांगायचा अधिकार आता भांडारात, साहेब." असा कागद कुणी काढला होता कोण जाणे, पण मामा तोंड सरळ ठेवून सांगत आणि साहेब माघार घेत.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मात्र साहेब सकाळीच उंचवट्यावर गेले. परत आले ते लालबुंद होऊन.

"अकरा मिनिटं! त्या बांबूने पुन्हा अकरा मिनिटं सुरू केलीत! कागद घाला मशीनला. आत्ताच्या आत्ता बंदीचा हुकूम काढतो."

टपालताईने कागद घातला. रोलर फिरवला. आवाज साखरेत घोळवलेला निघाला. "घेतला, साहेब. पण हुकूम कोणत्या अधिकाराखाली काढू? व्हॉल्व्हचे सगळे अधिकार बांबूकडे आहेत."

"मग परत घ्या!"

"घेऊ की. म्हणजे तीन दिवसांनी बाई आल्या की पहिल्यांदा तोच कागद मागतील. साहेबांनी अधिकार दिले, साहेबांनी काढले. का काढले? चुकीच्या माणसाला दिले होते म्हणून. कुणी दिले? साहेबांनी."

साहेबांनी घड्याळाची कळ उगाचच दाबली. सोडली. "मग त्याला नुसतं सांगा की हे बरं दिसत नाही."

"तोंडी सांगितलेलं? नोंद नाही ते घडलंच नाही, साहेब."

साहेब दाराकडे वळले. मग म्हणाले, "वर गेल्यावर बघतो एकेकाला. चौदा गावांतली प्रत्येक तोटी वितळवून टाकतो." आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. टपालताईने कोरा कागद मशीनमधून काढला, त्याची घडी केली आणि कपाळावरचा घाम त्यालाच पुसला.

नव्वदाव्या दिवशी संध्याकाळी ती तीन महिन्यांचा तक्ता घेऊन स्वतः आत गेली. ही एक सही तिने मुद्दाम शेवटी, कचेरी सुटायच्या घंटेनंतर ठेवली होती. सुटल्यानंतरचं काम कामात धरत नाहीत, हाही साहेबांचाच नियम. साहेबांचं पद पहिल्याच ओळीत. आलेली कामं, शून्य. केलेली कामं, शून्य. राहिलेली कामं, शून्य.

साहेबांनी बोट थेट शेवटच्या रकान्यावर ठेवलं. "शून्य! पाहिलंत? याला म्हणतात प्रशासन." आणि झोकात सही ठोकली.

"पाहिलं, साहेब," टपालताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात सुती पिशवी, आणि वाईट खोड अशी की सगळे रकाने वाचायच्या. त्यांनी भिंतीवरचं वाक्य वाचलं, रिकामं टेबल पाहिलं, तक्ता मांडीवर घेतला.

"पाणी कुणी सुधारलं?"

"माझ्या देखरेखीखाली—"

"कुणी, असं विचारलं."

बांबूला बोलावलं. तो दारातून वाकून आला आणि त्याने अकरा मिनिटं सांगितली. ही कुणाकडून शिकलास विचारल्यावर चावीदादांचं नाव सांगितलं, आणि ते कुठे आहेत विचारल्यावर जिन्याच्या दिशेने बोट दाखवलं. टपालताईने न सांगताच लाल रेघेचा कागद आणून ठेवला, मग नर्सच्या पायाचा दवाखान्याचा कागद, मग दोनशे त्रेचाळीस दिवसांची वही. शेवटच्या पानांवरच्या सह्या बघताना बाईंनी चष्मा काढून पुसला.

"या महिन्यात तुम्ही काय केलंत?" त्यांनी साहेबांना विचारलं. "मागच्या? त्याच्या मागच्या?"

"मी सोपवलं," साहेब म्हणाले. "टेबल रिकामं ठेवलं. हेच तर—"

"ते मी पाहिलं. नव्वद दिवसांत एक तरी काम दाखवा. बढतीसाठी एवढं पुरे."

साहेबांनी टपालताईकडे पाहिलं. टपालताई खिडकीबाहेर बघत होती.

"नियम तुमचाच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तो चौदा गावांना लावला. आज एक्केचाळीस माणसं त्या नियमाने खुर्च्यांवर बसलीत. तुम्हाला सोडलं तर त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

घड्याळसाहेब जिन्याखाली गेले. खुर्ची डावीकडे कलली. त्यांनी सावरलं, उजवीकडे कलली. टपालताईने मान जराशी वळवली. गुडघे दिसले. इतके सुंदर गुडघे तिने आयुष्यात पाहिले नव्हते.

आठवड्याने चावीदादांना चावी घ्यायला बोलावलं. वहिनीने त्यांना कचेरीच्या पायरीपर्यंत आणून सोडलं. ते हळूहळू आत आले, बहिणीच्या टेबलाशी न थांबता जिन्यापाशी गेले. साहेब धडपडत उठले. सगळी कचेरी टाचा उंचावून बघत होती. शिपाईमामा तर स्टुलावर चढले होते. सगळ्यांना वाटलं, आता एक सणसणीत बसणार.

चावीदादा खाली बसले. खिशातून लाकडाची एक पाचर काढली, गुळगुळीत तासलेली, आणि आखूड पायाखाली सरकवली. हाताने खुर्ची हलवून बघितली. पक्की बसली होती.

"डावीकडे नका कलू," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. "कंबर जाते."

टपालताईने त्यांना कोपऱ्यात गाठलं. "दादा, हे काय केलंस? त्याने तुला साधी पाचर लावू दिली नाही!"

"म्हणूनच केली. पुढे कुणीतरी बसणारच होतं ना." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "बांबू सांगत होता, एक्केचाळीस आहेत म्हणे अशा. नियम तू टाइप केलास ना? मग आता तो काढायचा अर्ज पण तूच टाइप कर. सगळ्यांना उठव, छोटे. यालाही."

"यालाही?"

"सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना."

पाठच्या भावाचा शब्द तिने एखादे वेळी मोडला असता, पण थोरल्याचा कधी मोडला नव्हता. अर्ज तिने त्याच दिवशी टाइप केला आणि असा केला की मोठ्या बाईंनी तो वाचून पुन्हा काही विचारलंच नाही. महिन्याभरात नियम रद्द झाला. मुख्य कचेरीने रद्द झाल्याचं पत्र थेट चौदा गावांना पाठवलं. जिथं पत्र पोचलं तिथं आवक नंबर पडला, आणि ज्या दिवशी नंबर पडला त्या दिवशी माणसं खुर्च्यांवरून उठली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. एका गावात तर म्हणे उठलेल्या बाईने खुर्ची डोक्यावर घेऊन गावातून मिरवली.

पंधरावी प्रत टपालताईच्या टेबलावर आली. तिने पाकीट फोडलं, पत्र दोनदा वाचलं आणि आवकची वही उघडली. पेन शाईत बुडवलं. मान जराशी वळवली.

मग पेन पुसून ठेवलं, पत्राची घडी घातली आणि ती ड्रॉवरमध्ये, खडूच्या रेघांखाली, सरकवली. नोंद नाही ते आलेलंच नाही. साहेबांनी पाच शब्दांत सांगितलं होतं, तिने ड्रॉवरला किल्ली फिरवून सांगितलं. ड्रॉवरमध्ये नव्याने खडूने रेघा सुरू झाल्या होत्या, आणि त्यातल्या सदतीस भरल्या होत्या. अजून दोनशे सहा.

पाचर मात्र तिने काढली नाही. दादाने तासली होती ती.

चावीदादा आता रोज उंचवट्यावरून खाली उतरताना कचेरीत डोकावतात. हाताची थरथर कमी झाली आहे. जिन्याखाली एक नजर टाकतात, मग बहिणीच्या टेबलाशी येऊन हळूच विचारतात, "आपलं पत्र आलं का गं?"

टपालताई ड्रॉवरवर कोपर टेकवते आणि भावाकडे बघून गोड हसते.

"टपालाचं काही सांगता येत नाही, दादा."